पट्टीवर न दिसणारी शून्यं

विज्ञानाच्या कुठल्याही शालेय पुस्तकात आम्ल-आम्लारींचा धडा उघडला की एक रंगीत पट्टी समोर येते. डावीकडे लालभडक, मग नारिंगी, पिवळा, मधोमध हिरवा, पुढे निळा आणि टोकाला गर्द जांभळा. खाली शून्य ते चौदा हे पीएचचे आकडे, अगदी सारख्या अंतरावर. दोनपाशी लिंबाचं चित्र, दहाच्या आसपास साबणाचं, सातावर पाण्याचा थेंब. इतकं देखणं चित्र शालेय रसायनशास्त्रात दुसरं नाही. आणि इतका घोळ घालणारंही नाही, असं माझं मत आहे.

हा धडा मी बरीच वर्षं शिकवते आहे. पट्टी पाठ व्हायला वेळ लागत नाही. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर आम्लारी, सात म्हणजे उदासीन, हे मुलं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. मग मी विचारते, पीएच ३ असलेलं द्रावण पीएच ६ असलेल्या द्रावणापेक्षा किती पटीनं आम्लधर्मी? ‘दुप्पट!’ सगळा वर्ग एका सुरात. त्यात त्यांची काही चूक नाही. पट्टीवर तीन आणि सहा हे आकडे जसे बसवलेत, त्यावरून दुसरं कुठलं उत्तर सुचणार? खरं उत्तर हजारपट आहे.

लॉगॅरिदम अजून शिकवलेले नसतात, त्यामुळे धड्यात हा भाग उरकता घेतलेला असतो. पण त्यासाठी लॉगॅरिदमची गरजच नाही. शून्यं मोजता आली की झालं. एक लिटर द्रावणात हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युतभारित कण, किती मोल आहेत (मोल हे कण मोजायचं एकक) ते लिहायचं आणि दशांशचिन्हानंतर एकचा आकडा कितव्या जागी येतो ते पाहायचं. ०.१ मोल असेल तर पीएच १. ०.००१ असेल तर ३. ०.००००००१ असेल तर ७. आकडा एकानं वाढला म्हणजे आयन दहा पटीनं घटले. मुलांना फळ्यावर नुसती शून्यं लिहायला लावली, एकाखाली एक, तर पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येतं की या पट्टीवरचं प्रत्येक घर आधीच्या घराच्या एक दशांश आहे. आकडा चढतो तशी आम्लता उतरते, हा उलटा कारभार मात्र त्यांना शेवटपर्यंत पटत नाही. एकदा एका मुलीनं सरळ विचारलं, ‘मग ज्यानं हे ठरवलं त्यानं उलटं का ठरवलं?’

ज्यानं ठरवलं त्याचं नाव सॉरेन सॉरेन्सन. डेन्मार्कमधला रसायनशास्त्रज्ञ, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचा प्रमुख. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याच्या मालकानं काढलेली. सॉरेन्सन विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर काम करत होता. विकर आम्लतेच्या बाबतीत भारी नाजूक असतात. जरा कमी-जास्त झालं की काम मंदावतं. त्याच्या नोंदींमध्ये त्यामुळे दहाचा उणे चौथा घात, उणे सातवा घात अशा संख्यांची रांग लागायची. १९०९ साली त्यानं सुचवलं की त्यातला घातांक तेवढा घ्यावा आणि उणे चिन्ह टाकून द्यावं. बस्स, एवढंच. उणे चिन्ह टाकलं म्हणून दिशा उलटी झाली. लिहिणाऱ्याची सोय झाली आणि शंभराहून जास्त वर्षं शाळकरी मुलांची गैरसोय.

पण सॉरेन्सनच्या त्या कामात खरा महत्त्वाचा मुद्दा आकडे लिहिण्याच्या पद्धतीचा नव्हताच. द्रावणात एकूण किती आम्ल ओतलंय याच्याशी विकराला कर्तव्य नसतं, त्यातले किती हायड्रोजन आयन या घडीला मोकळे आहेत याच्याशी असतं, हा तो मुद्दा होता. सबंध धड्यातली हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच रंगीत पट्टीखाली दबून जाते.

दोन शंकुपात्रं घ्या. एकात ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल, २५ मिलिलिटर. दुसऱ्यात तेवढंच, तेवढ्याच संहतीचं ॲसेटिक आम्ल, व्हिनेगरमध्ये असतं ते. पहिल्याचा पीएच १ येतो, दुसऱ्याचा २.९ च्या आसपास. मोकळ्या आयनांच्या हिशेबानं पहिलं दुसऱ्याच्या जवळजवळ ऐंशी पट. आता दोन्हींत सोडिअम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलार द्रावण घालत चला. पहिल्याला उदासीन करायला किती लागेल? २५ मिलिलिटर. आणि दुसऱ्याला? तेही २५ मिलिलिटर. वर्गात इथे हमखास शांतता पसरते. मोकळे आयन इतके कमी असलेल्या आम्लानंही तेवढाच अल्क, म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी, कसा काय संपवला?

मी त्यांना सांगते, पीएच म्हणजे खिशातली रोकड आणि अनुमापनात, म्हणजे असा अल्क घालत आम्ल मोजताना, मोजली जाते ती एकूण मिळकत. हायड्रोक्लोरिक आम्लानं सगळा पैसा खिशात घेऊन ठेवलाय, त्याचा जवळपास प्रत्येक रेणू पाण्यात फुटलेला आहे. ॲसेटिक आम्लाच्या शंभरातल्या एखाद-दुसऱ्या रेणूनंच आपला हायड्रोजन सोडलाय, बाकी सगळे धरून बसलेत. पण अल्क येऊन तो एखाद-दुसरा उचलून नेतो, तसा पुढचा रेणू आपला हायड्रोजन बाहेर काढतो, मग त्याच्या पुढचा. मागणी येईल तसा पैसा निघत राहतो, शेवटचा पैसा निघेपर्यंत.

हे एकदा डोक्यात बसलं की तीव्र आणि संहत यांतला गोंधळ आपोआप सुटतो. बोलताना आपण जाड बाटलीतल्या, धूर सोडणाऱ्या कुठल्याही आम्लाला ‘तीव्र’ म्हणून मोकळे होतो. पण तीव्र की सौम्य, हा त्या आम्लाच्या रेणूचा स्वभाव आहे, आणि संहत की विरल, ही आपण त्यात किती पाणी घातलं त्याची गोष्ट. तीव्र आम्ल विरल असू शकतं, सौम्य आम्ल संहत असू शकतं. आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर फारच धोक्याचा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल व्याख्येनं सौम्य आहे, कारण पाण्यात ते पुरतं फुटत नाही. पण ते काच खातं, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावं लागतं. कातडीतून आत मुरतं आणि शरीरातल्या कॅल्शिअमला जाऊन चिकटतं. पट्टीवरच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

आम्लाची भीती सगळ्यांना असते, आम्लारीची कुणालाच नसते, हेही मला विचित्र वाटतं. सिनेमात, बातम्यांत, म्हणींसारख्या वापरात सगळीकडे आम्लच. अल्क बिचारे साबणाच्या गोटातले, स्वच्छ आणि सभ्य. वास्तविक कॉस्टिक सोडा बोटांना बुळबुळीत लागतो, तो तसा मुळात असतो म्हणून नाही. आपल्या कातडीतल्या स्निग्धांशाचा तो तिथल्या तिथे साबण करत असतो, त्या साबणाची ती बुळबुळ. डोळ्यात आम्ल गेलं तर वरची प्रथिनं साकळतात आणि बऱ्याचदा त्या थरानंच पुढची वाट अडते. अल्क मात्र पेशी विरघळवत आत शिरत राहतो. म्हणून प्रयोगशाळेत अल्काच्या बाटलीपाशी मी मुलांवर जास्त ओरडते. (आम्लारी आणि अल्क यांत फरक एवढाच की जी आम्लारी पाण्यात विरघळते ती अल्क. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, अल्क नाही. परीक्षेत यावर एक गुण असतो, म्हणून सांगून ठेवते.)

आता अनुमापन. शाळेच्या प्रयोगशाळेतला हा सगळ्यात संथ प्रयोग, आणि माझा सगळ्यात आवडता. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीत, अल्क, खाली शंकुपात्रात आम्ल, त्यात अल्कात गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब, आणि रंग नीट दिसावा म्हणून तळाशी पांढरी फरशी. तोटी जराशी उघडली की थेंब पडतो, पडला त्या जागी गुलाबी ठिपका उमटतो आणि पात्र हलवताच नाहीसा होतो. सुरुवातीला इतक्या झटकन जातो की दिसला की नाही अशी शंका यावी. हळूहळू तो रेंगाळायला लागतो. गुलाबी धागा पात्रात एक वेढा घेतो, मग विरतो. इथे तोटीवरचा हात आवरायचा असतो, आणि इथेच बहुतेकांचा आवरत नाही. एक थेंब जास्त पडतो आणि अख्खं पात्र भडक गुलाबी.

हे असं अचानक का होतं, ते आकडे मांडून पाहिले तर फार गंमत आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा तोच नमुना घेऊ. सुरुवातीला पीएच १. साडेबावीस मिलिलिटर अल्क ओतून झाला, म्हणजे नव्वद टक्के आम्ल मेलं, तरी पीएच कुठे पोचला? २.३ ला. इतका वेळ ओतून जेमतेम सव्वा घर. पुढे २४.९५ मिलिलिटरला तो ४ होतो. आणि २५.०५ मिलिलिटरला? १०. मधला फरक ०.१ मिलिलिटरचा, ब्युरेटचे दोन थेंब. त्या दोन थेंबांत सहा घरं ओलांडली, म्हणजे हायड्रोजन आयन दहा लाख पटीनं घटले. थेंबाच्या अंगात अचानक जोर आला, असं काही झालेलं नसतं. शेवटी आयनच इतके थोडे उरलेले असतात की त्यांचा फडशा पाडायला दोन थेंब खूप झाले. पीएच १ वरून २ वर जायला दहातले नऊ आयन काढावे लागतात, २ वरून ३ वर जायला उरलेल्यांतले दहातले नऊ. पहिला टप्पा मोठा, दुसरा त्याच्या एक दशांश, तिसरा त्याच्याही. शेवटचे टप्पे दिसायला सारखेच, पण करायला जवळजवळ फुकट.

आलेला तो फिकट गुलाबी रंग थोडा वेळ तसाच ठेवला तर पुन्हा उडून जातो. मुलं धावत येतात, प्रयोग बिघडला म्हणून. बिघडलेला काही नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते उरलासुरला अल्क गिळतं. याच कारणानं कुठलंही प्रदूषण नसलेल्या पावसाच्या पाण्याचाही पीएच ७ नसतो, ५.६ च्या आसपास असतो.

आम्ल म्हणजे काय, हे ठरायला किती काळ लागला ते पुस्तकं सांगत नाहीत. तीन व्याख्या एकाखाली एक देऊन मोकळी होतात, जणू त्या एकाच दुपारी सुचल्या. रॉबर्ट बॉइलनं १६६४ साली लिहून ठेवलं की व्हायोलेट फुलांच्या अर्काला आम्ल लाल करतं आणि अल्क हिरवा. तेव्हा माणसांकडे रंग होता, कारण नव्हतं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं, प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असणारच, तोच आम्लतेचं मूळ. एवढा मोठा माणूस, त्यामुळे कल्पना बराच काळ टिकली. हम्फ्री डेव्हीनं १८१० मध्ये दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, आणि मग हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनला जागाच उरली नाही. उरला तो हायड्रोजन. १८८४ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियसनं उप्सालाला प्रबंध सादर केला, त्यात पदार्थ पाण्यात विरघळताच विद्युतभारित कणांत विभागतात ही कल्पना होती. परीक्षकांना ती काही फारशी रुचली नाही, श्रेणी बेताचीच मिळाली. १९०३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विचाराला. आणि १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लोरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गोष्ट आणखी सोपी केली. जो प्रोटॉन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी.

ही शेवटची व्याख्या मला मनापासून आवडते, कारण तीत आम्लपणा ही कुणाची कायमची जात राहत नाही. पाणी अमोनियाला प्रोटॉन देतं तेव्हा ते आम्ल, आणि हायड्रोजन क्लोराइडकडून घेतं तेव्हा आम्लारी. समोर कोण आहे त्यावर सगळं अवलंबून. नुसत्या पाण्यातही ही देवघेव चालूच असते, एक रेणू दुसऱ्याला प्रोटॉन देतो. २५ अंश सेल्सिअसला कुठल्याही क्षणी साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक रेणू असा फुटलेला सापडतो. शुद्ध पाण्याच्या पीएचचं ते सात म्हणजे हेच.

आणि म्हणूनच सातालाही देव्हाऱ्यात बसवण्यात अर्थ नाही. पाणी तापवलं की जास्त रेणू फुटतात. ३७ अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच ६.८ च्या जवळ येतो, १०० अंशांना ६.१ च्या. मग उकळतं पाणी आम्लधर्मी झालं का? नाही. हायड्रोजन आयन वाढले तेवढेच हायड्रॉक्साइड आयनही वाढले, दोन्ही बरोबरीत आहेत, पाणी उदासीनच आहे. हलली ती मधली रेघ. प्रवेशपरीक्षांत एक खोडकर प्रश्न असतो: एक लिटरमध्ये ०.०००००००१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर पीएच किती? शून्यं मोजून मुलं ८ लिहितात. आम्ल घातलं आणि पाणी आम्लारी झालं, असं होईल कसं? पाण्याचे स्वतःचे आयन विसरून चालत नाही. उत्तर ६.९८ येतं. असाच दुसरा प्रश्न, पीएच ३ आणि पीएच ५ असलेली दोन तीव्र आम्लं सम प्रमाणात मिसळली तर? चार नाही, ३.३. शून्यांची सरासरी काढता येत नाही, आयनांची काढावी लागते.

पट्टीची दोन टोकं, शून्य आणि चौदा, हीसुद्धा भिंती नव्हेत. एका लिटरमध्ये एक मोलहून जास्त हायड्रोजन आयन असतील तर पीएच शून्याच्या खाली जाणारच. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन इथल्या रिचमंड खाणीत पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचं ऑक्सिडीकरण होऊन साचलेल्या पाण्याचा पीएच उणे ३.६ मोजला गेला आहे. कॅलिफोर्नियाच म्हटलं तर आणखी एक गोष्ट आठवते. १९३४ मध्ये तिथल्या लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगात काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाला रसाची आम्लता मोजायची होती, आणि रसात सल्फर डायऑक्साइड असल्यानं लिटमसचा रंगच उडून जाई. त्यानं आपला जुना मित्र आर्नोल्ड बेकमन याला साकडं घातलं. बेकमन कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रविज्ञान संस्थेत शिकवत होता. त्यानं काचेचा इलेक्ट्रोड आणि व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर एका पेटीत बसवून दिला, आणि पीएच मीटर जन्माला आला. रंगावरचं अवलंबित्व तिथे संपलं.

मीटर आल्यावर दोन दशांश स्थळं दिसायला लागली, आणि त्या दशांशांत किती काय दडलेलं असतं ते समुद्राकडे पाहिलं की कळतं. औद्योगिक युगाआधी समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. बातमी वाचणाऱ्याला वाटतं, ०.१ म्हणजे किरकोळ. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांत चतुर्थांशाहून अधिक वाढ. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे आणि तसाच राहील, त्यामुळे समुद्राचं आम्ल झालं वगैरे मथळे चूक. पण वाढलेले हे आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरतात, आणि शिंपले-प्रवाळांना कवच बांधायला नेमकं तेच हवं असतं.

रक्ताचं गणित तर याहून काटेकोर. ७.३५ ते ७.४५, बस्स एवढीच पट्टी. ७.४ वरून ७.१ वर आलं तर हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. शरीर दिवसभर आम्लं तयार करत असतं, तरी हा आकडा हलत नाही, कारण रक्तात बायकार्बोनेट आणि कार्बोनिक आम्लाची जोडी पहारा देत असते. आयन जास्त झाले की बायकार्बोनेट ते पकडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि फुप्फुसं तो बाहेर टाकतात. कधी कधी मी वर्गाला श्वास रोखून धरायला सांगते. काही वेळानं एकेक जण हार मानतो, धापा टाकत हसतो. ऑक्सिजन संपला म्हणून, असं सगळे ठामपणे सांगतात. रक्तात त्या वेळी ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असतो. साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडनं पीएच किंचित उतरलेला असतो, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींनी तेवढा फरक टिपून श्वास घे म्हणून तगादा लावलेला असतो.